जुन्या शोधांची जाहिरात

जाहिरात या शब्दाविषयी सुशिक्षित मंडळींच्या मनात थोडी अढी असते, आणि ती अगदीच निराधार नाही. भिंतीवर, वर्तमानपत्रात, एस.टी.च्या पाठीवर आणि आता हातातल्या मोबाइलवर, नजर जाईल तेथे कोणी तरी काही तरी विकीत असतो. तेव्हा शाळेतील मुलांना जाहिरात करावयास शिकवावी, असे कोणी म्हटले तर ऐकणारा विचारील, की थापा मारावयासही आता शाळेतच शिकवावयाचे काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याने स्वतः बसून एक जाहिरात रचली, त्याला दुसऱ्याची जाहिरात सहजासहजी फसवू शकत नाही. आणि रचण्यासाठी आजचा साबण किंवा आजची फटफटी न घेता जुना शोध घेतला, म्हणजे धावता धोटा, लोखंडी नांगर, शिवणयंत्र असे काही घेतले, तर त्याच कष्टात इतिहासही कळतो. तो सनावळीच्या रूपाने नव्हे, तर माणसांच्या अडचणीच्या रूपाने कळतो.

आमचा व्यवसाय शिक्षकाचा नाही. आमचे शिक्षण मागाच्या खात्यात आणि गावच्या वाचनालयात झाले, आणि पुढील आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. म्हणून हा विषय आम्ही मांडतो तो शिक्षणशास्त्राच्या अधिकाराने नव्हे. ज्यांच्या घरात यंत्राने भाकरी आणली आणि ज्यांच्या घरातील कर्त्याचा कान यंत्राने नेला, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांत वावरल्यामुळे मांडतो. इचलकरंजीत ही दोन्ही घरे पुष्कळदा एकच असतात.

धड्याचे स्वरूप

धडा साधा आहे. विद्यार्थ्याने इतिहासातील एक शोध निवडावयाचा आणि तो नुकताच बाजारात आला आहे असे समजून त्याची जाहिरात करावयाची. एक चित्र, एक मथळा, चार-पाच ओळींचा मजकूर, एवढेच. परंतु एक अट कडक पाळावयाची: ज्या वर्षाची जाहिरात, त्या वर्षी जे ठाऊक होते तेवढेच तीत यावे. १७३३ सालच्या धोट्याच्या जाहिरातीत "यामुळे औद्योगिक क्रांती होईल" असे वाक्य लिहिता येणार नाही, कारण क्रांती होणार आहे हे त्या वर्षी कोणालाच माहीत नव्हते. ही एक अट घातली की पाठांतराचा आधार सुटतो. पुस्तकातील "महत्त्व" आणि "परिणाम" या मथळ्यांखालील वाक्ये उपयोगी पडत नाहीत. मुलाला त्या काळच्या माणसाच्या जागी उभे राहून विचार करावा लागतो.

मजकूर लिहिण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे काढून ठेवावी. हा शोध कोणाची कोणती अडचण दूर करतो? त्याचे पैसे कोण देणार? तो प्रत्यक्ष वापरणार कोण? तो खरोखर चालतो याचा पुरावा कोणता, आणि घेणाऱ्याला तो पटेल अशा रीतीने कसा दाखविणार? आणि शेवटचा प्रश्न: जाहिरातीत जे आपण सांगणार नाही, ते कोणते? या पाचव्या प्रश्नाचे उत्तर कागदाच्या मागील बाजूस लिहावयाचे. आमच्या मते धड्याचा जीव या मागील बाजूत आहे. पण तेथपर्यंत पोहोचण्यासाठी पुढील बाजू प्रामाणिकपणे रंगवावी लागते.

लोखंडी नांगर

पहिले उदाहरण आपल्या शेजारचेच घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ च्या सुमारास, बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. पुढे १९१० साली औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली आणि ह्या नांगराचे नाव महाराष्ट्रभर झाले. परंतु आरंभीच्या नांगरांना बराच काळ गिऱ्हाईकच मिळत नव्हते. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

आता हा प्रसंग मुलापुढे ठेवावा आणि सांगावे, की तू १९०३ साली बेळगावात आहेस, नांगर तयार आहेत, घेणारा कोणी नाही, कर जाहिरात. पहिला मथळा बहुधा असा येतो: "नव्या युगाचा नवा नांगर!" शिक्षकाने विचारावे, की शेतकऱ्याला नवे युग हवे आहे काय? त्याला हवी आहे हरळी निघालेली जमीन. लाकडी नांगर माती उकरतो, पण पलटत नाही. हरळीची मुळे खाली तशीच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर उलथून टाकतो, मुळे उन्हात पडून वाळतात. एवढे कळले की मथळा आपोआप बदलतो आणि हरळीवर येतो.

मग पुराव्याचा प्रश्न. "विष कालवले जात नाही" असे मोठ्या अक्षरात छापून शेतकऱ्याची भीती जाईल काय? उलट ज्याने ती समजूत ऐकली नव्हती, त्यालाही ती कळेल. अशा जागी मुले थोडा वेळ विचार करतात आणि मग एखादे शेतकऱ्याचे मूल सांगते, की शेजाऱ्याच्या रानात पीक आलेले दिसले तरच आमचा बाप ऐकेल. हे उत्तर बरोबर आहे. शब्दांनी होत नाही ते प्रात्यक्षिकाने होते, आणि जाहिरातीने फार तर प्रात्यक्षिक पाहावयास बोलवावे, हा व्यवहार मुलाला उमगतो. किर्लोस्करांच्या कारखान्यानेही प्रसिद्धीचे महत्त्व ओळखले होते. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर कारखान्यात आले आणि १९२० साली कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी "किर्लोस्कर खबर" निघाली. पुढे तिचेच "किर्लोस्कर" मासिक झाले. मराठी घराघरांत वाचल्या गेलेल्या एका मासिकाचे मूळ नांगर विकण्याच्या गरजेत आहे, ही गोष्ट मुलांना सांगितली की जाहिरातीकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही थोडी बदलते.

आता कागद उलटावा. मागे काय लिहावे? लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याचे मोल बलुत्यात फिटे. लोखंडी नांगराला रोकड लागे, आणि झिजलेला फाळ बदलावयाचा तरी रोकडच लागे. जड नांगर ओढण्यास एकाहून अधिक बैलजोड्या लागत. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने काय करावे? आणि सुताराचे काय? यावरून नांगर वाईट होता असे ठरत नाही. नांगर उत्तमच होता. पण उत्तम वस्तूचाही भार सर्वांवर सारखा पडत नाही, एवढे ठरते.

धावता धोटा

दुसरे उदाहरण आपल्या गावाच्या धंद्याचे. इंग्लंडातील जॉन के याने १७३३ साली धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी विणकर एका हाताने धोटा फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली. त्यामुळे कापडाचा पन्हा हाताच्या पल्ल्याइतकाच. रुंद कापडाला मागावर दोन माणसे लागत. केने धोट्याला चाके लावली, दोन्ही टोकांस पेट्या बसविल्या आणि एका दोरीच्या हिसक्याने धोटा इकडून तिकडे पळेल अशी योजना केली. एका माणसाचे काम वेगाने होऊ लागले आणि रुंद कापडही एकटा विणू लागला.

या एकाच शोधाच्या तीन जाहिराती तीन गटांकडून करवून घ्याव्या. पहिली घरच्या मागावर विणणाऱ्या विणकरासाठी, दुसरी विणकरांकडून काम करवून घेणाऱ्या धनिकासाठी आणि तिसरी कापडाच्या व्यापाऱ्यासाठी. पहिला गट लिहील, की खांदा दुखणार नाही, दिवसभरात अधिक कापड निघेल. दुसरा लिहील, की रुंद मागावरचा दुसरा माणूस वाचेल. तिसरा लिहील, की रुंद पन्ह्याचा माल पाहिजे तेवढा मिळेल. मग तिन्ही कागद फळ्यावर शेजारी शेजारी लावावे आणि वर्गाला नुसते वाचू द्यावे. दुसऱ्या कागदावर जो "वाचलेला" माणूस आहे, तोच कदाचित पहिल्या कागदाचा वाचक आहे, हे कोणी न सांगता मुलांच्या ध्यानात येते. यंत्राविषयीचे भांडण हे अडाणी आणि शहाणे यांच्यातील भांडण नसून, पुष्कळदा वेगवेगळी जाहिरात वाचलेल्या माणसांतील भांडण असते, हे येथे दिसते.

पुढील इतिहास मुलांनी स्वतः शोधावा. विणकरांनी धोट्याला विरोध केला. कारखानदारांनी धोटा वापरला, पण केचा मोबदला बुडविला, आणि कोर्टाचा खर्च वाटून घेण्यासाठी आपली एक मंडळीच काढली. १७४७ साली के देश सोडून फ्रान्सला गेला. विणकाम जलद झाल्यावर सूत पुरेनासे झाले आणि सूतकताईच्या यंत्रांची निकड लागली. जेम्स हारग्रीव्ह्ज याचे "जेनी" हे अनेक चात्यांचे यंत्र निघाले, तेव्हा १७६८ साली शेजारपाजारच्या लोकांनी त्याच्या घरात शिरून यंत्रे मोडली. १७८५ साली कार्टराइट या पाद्र्याने यंत्रमागाचे पेटंट घेतले. १८११ पासून इंग्लंडात यंत्रे फोडण्याची लाट आली आणि १८१२ साली पार्लमेंटने मोजे विणण्याची यंत्रे फोडणाऱ्यास फाशीची शिक्षा ठेवणारा कायदा केला. यंत्रे फोडणारे मूर्ख होते असे पुस्तकातील एका ओळीवरून वाटते. त्यांच्यासाठी जाहिरात लिहावयास बसले की तसे वाटत नाही. त्यांना यंत्र कळत नव्हते असे नाही. यंत्राबरोबर आपली मजुरी कोठे जाते, तेही त्यांना कळत होते.

आमच्या कचेरीतील प्रयोग

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही हा धडा संघटनेच्या कचेरीत घेतला. कामगारांची आठवी-नववीतील मुले-मुली जमली होती. शोध होता यंत्रमाग, आणि साल होते १९०४. याच साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्यास उत्तेजन मिळाले. आजचे सारे शहर त्या एका मागाच्या आवाजातून उभे राहिले आहे. पण मुलांना ही गोष्ट गावाच्या अभिमानाचे वाक्य म्हणून पाठ होती, विचार म्हणून नव्हती.

एका मुलाने झकास मथळा लिहिला: "एक माणूस, चार माग, चौपट कापड!" तो मोठ्याने वाचून झाल्यावर मागे बसलेल्या मुलीने विचारले, "आणि पगार?" सगळी हसली. मग हसणे थांबले आणि प्रश्न तसाच राहिला. तेव्हा आम्ही मजुरीचे गणित फळ्यावर मांडले. मजुरी कापडावर मोजली जाते. माणसाकडे माग वाढले की कापड वाढते, पण दर ठरविताना तोच धागा धरून दर खाली ओढला जातो. म्हणून चौपट कापडाबरोबर चौपट पगार येत नाही. किती येतो, ते यंत्रावर ठरत नाही. ते वाटाघाटीत ठरते. दुसऱ्या बाजूचे गणितही आम्ही मांडले. ज्याचे स्वतःचे चार-आठ माग आहेत, पण सूत व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचे, तो खर्चीवाला यंत्रमागधारक मालक म्हणविला तरी विणाईच्या दरावरच जगतो. सूत, वीज, कर्जाचा हप्ता आणि कामगाराची मजुरी यांच्यामध्ये तोही सापडलेला असतो. त्या दिवशी जमलेल्या मुलांत खर्चीवाल्याचाही एक मुलगा होता, आणि त्याने आपल्या कागदाच्या मागे "मंदी आली तर?" एवढेच लिहिले. त्याहून अधिक नेमके आम्हांस लिहिता आले नसते.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने आपली जाहिरात विणकरासाठी लिहिली होती. तीत धोटा फेकण्याचे कष्ट जातील, हे होते आणि ते खरे आहे. मागे तिने लिहिले: "घरी आल्यावर बाबांशी मोठ्याने बोलावे लागते." मागाच्या खात्यात वर्षानुवर्षे उभा राहणाऱ्याचा कान जातो, हे या गावात नवीन नाही. लँकेशायरच्या गिरण्यांत मागावरच्या बाया एकमेकींच्या ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखीत, हे तिला सांगितले तेव्हा तिला नवल वाटले नाही. फक्त तिकडेही असेच होते, याचे तिला समाधान वाटल्यासारखे दिसले.

कागदाची मागील बाजू

मागील बाजू का लिहावयाची, याची आणखी दोन उदाहरणे सांगतो.

१८१२ साली इंग्लंडातील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती. खाणीतील वायू उघड्या ज्योतीने पेटत असे. १८१५ साली हंफ्री डेव्ही याने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असलेला दिवा तयार केला. त्याने त्याचे पेटंटही घेतले नाही. याहून निर्मळ शोध कोणता? जाहिरात लिहिणे अगदी सोपे: "हा दिवा तुमचा जीव वाचवील." पण दिवा आल्यावर, पूर्वी धोक्याचे म्हणून सोडून दिलेल्या भागांतही मजूर उतरविले गेले. शोध माणसाला वाचविण्यासाठी होता. त्याचा उपयोग अधिक खोल कोळसा काढण्यासाठी झाला. दोष दिव्याचा नव्हे. परंतु "सुरक्षित" हा शब्द कोणाच्या हातात पडतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

दुसरे उदाहरण धोट्याचेच. यंत्रमागाच्या धोट्यात नवी कांडी बसविताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि पुष्कळ ठिकाणी विणकर भोकाला तोंड लावून श्वासाने सूत ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. सुताची धूळ छातीत जाई आणि एकाचा रोग दुसऱ्यास लागण्याचे भय असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली या पद्धतीस कायद्याने बंदी केली. हाताने सूत ओवता येईल असा धोटा करणे शक्य होते. तो पुष्कळ काळ सर्वत्र घेतला गेला नाही. जी अडचण पैसे देणाऱ्याची नसते, तिच्यावरचा शोध उशिरा विकला जातो, हा नियम येथे उघडा दिसतो. मुलांना हा नियम आम्ही सांगत नाही. वरील दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे वेगळी आली की ती स्वतःच तो सांगतात.

घरगुती उदाहरण हवे असेल तर शिवणयंत्राचे घ्यावे. अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५६ साली आपले यंत्र हप्त्याने देण्यास सुरुवात केली, आणि जे यंत्र सामान्य कुटुंबास परवडत नव्हते ते घरोघर गेले. त्या यंत्राने पुष्कळ बायांच्या हाताला काम दिले, हे खरेच. पण येथे शोध दोन होते. एक यंत्र, दुसरा हप्ता. विद्यार्थ्यांनी हप्त्याचीही वेगळी जाहिरात करून पाहावी आणि तिच्या मागील बाजूस एकूण रक्कम किती भरावी लागते, ते लिहावे. आज ज्या घरांत मोबाइलपासून मोटारसायकलपर्यंत सर्व काही हप्त्याने येते, त्या घरातील मुलाला हे गणित इतिहासाच्या तासाला कळले तर काय बिघडले?

आपल्या देशाचा कायदाही या मागील बाजूची दखल घेतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोटे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरतेच. पण महत्त्वाची माहिती मुद्दाम लपविणारी जाहिरातही दिशाभूल करणारीच ठरते. म्हणजे न सांगणे हाही अपराध होऊ शकतो. कायद्याचे हे तत्त्व व्याख्या पाठ करून समजत नाही. स्वतःच्या हाताने एकदा लपवून पाहिले म्हणजे समजते.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, की यामुळे मुले यंत्राच्या विरुद्ध होतील. आमच्या अनुभवाने तसे होत नाही. पुढील बाजू चांगली रंगवावयाची तर शोधाचे गुण मनापासून समजून घ्यावे लागतात. ज्याला धावत्या धोट्याची युक्ती कळली नाही, त्याला त्याची जाहिरात करता येत नाही. आम्ही स्वतः यंत्राचे शत्रू नाही. यंत्र गेले तर आमचे सभासदही जातील. दुसरा आक्षेप असा, की परीक्षेला हे विचारीत नाहीत. खरे आहे. परंतु या धड्यास तीनच तास लागतात: पहिल्या तासाला शोध आणि पाच प्रश्न, दुसऱ्या तासाला जाहिरात, तिसऱ्या तासाला कागद उलटून चर्चा. एवढा वेळ वर्षातून एकदा काढणे कोणत्याही शाळेस जड नाही. गुण देताना मात्र चित्राच्या सुबकपणास थोडे आणि मागील बाजूस अधिक द्यावे, नाही तर सगळा वेळ रंगपेटीत जातो.

हा धडा आपल्या गावात आजच घ्यावयास हवा, याचे कारण आहे. इचलकरंजीत साधे यंत्रमाग भंगारात निघत आहेत आणि बिनधोट्याचे वेगवान माग येत आहेत. त्यांच्याही जाहिराती आहेत, आणि त्यांत सांगितलेले वेग व कापडाची सफाई खोटी नाही. १९०४ सालच्या जाहिरातीची मागील बाजू वाचावयास त्या वेळी कोणी नव्हते. आजच्या जाहिरातीची मागील बाजू ज्यांना भोगावयाची आहे, ती मुले आज आठवी-नववीत आहेत. नवा माग घ्यावा की नाही, हे त्यांनी ठरवावयाचे नसेल. पण तो किती माणसे मागतो, कोणते शिक्षण मागतो, हप्ता कोण फेडणार आणि मजुरी कशी मोजणार, हे प्रश्न त्यांना विचारता आले पाहिजेत. गावातील शाळांनी हा धडा घ्यावा, आणि मुलांचे कागद दोन्ही बाजूंनी वाचता येतील असे टांगून वाचनालयात मांडावे. आई-बापांनी ते पाहावयास यावे, कारखानदारांनी यावे, व्यापाऱ्यांनीही यावे. कागद एकच असला तरी वाचावयास सुरुवात प्रत्येकजण आपापल्या बाजूने करील; मुलांनी त्याला तो उलटावयास लावावे.